रिकाम्या उशीचं भाडं

प्रति,
सिंगल सप्लिमेंटबाई,
मुक्काम: दरपत्रकातली शेवटची ओळ, तारांकनाच्या आड.



तुमच्या नावाआधी कुमारी लावावं की सौभाग्यवती, ते कळेना. एरवी ही चौकशी तुमच्याकडची माणसं करतात, म्हणून या खेपेला मीच केली.

मी देवळ्याची. नाशिक जिल्हा, कसमादे पट्टा, कांद्याचा मुलूख. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांपैकी. मला कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर जायचंय, पाण्याखाली उतरायचंय, आणि एकटीनं जायचंय. एकटीनं का, याचा खुलासा गल्लीत देऊन झालाय. ‘एकलीच जाई ऱ्हायनी का?’ हे इथं उमराण्याच्या बाजाराला निघालं तरी विचारतात. पण गल्ली नुसतं विचारते. विचारायचे पैसे लावत नाही. तुम्ही लावता.

सहलीच्या दरपत्रकावर आकडा मोठ्या अक्षरात होता, त्याच्या डोक्यावर चांदणी. चांदणीचा माग काढत खाली गेले तर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ‘प्रतिव्यक्ती, ट्विन शेअरिंग तत्त्वावर’, आणि त्याच्याही खाली तुम्ही, एकट्यानं येणाऱ्यावरचा जादा आकार. कुठं दीडपट, कुठं सरळ दुप्पट. म्हणजे ज्या उशीवर कुणी डोकं टेकणार नाही तिचं भाडं मी द्यायचं. न वापरलेल्या टॉवेलचं, न उघडलेल्या साबणाचं, न खाल्लेल्या ऑम्लेटचंही. खोलीचं भाडं खोलीला असतं, माणूस एक काय नि दोन काय, हा तुमचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. मग दर खोलीचा छापा ना! अर्ध्या खोलीचा आकडा दाखवून गिऱ्हाईक आत घ्यायचं आणि उरलेली अर्धी खोली दार लावल्यावर विकायची, याला आमच्याकडे व्यापार म्हणत नाहीत.

बोनेर का, तेही सांगते. बाकी जगात बहुतेक ठिकाणी पाण्याखाली जायचं तर आधी बोट, बोटीला माणसं, माणसांची वेळ. बोनेरला प्रवाळ किनाऱ्यालगतच आहे. रस्त्याच्या कडेला पिवळे दगड मांडलेत, त्यांवर उतरायच्या जागेचं नाव. दगड दिसला की गाडी थांबवायची, सिलिंडर पाठीला लावायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. गाडीही कोणती, तर पिकअप! आमच्याकडे तिच्यात कांदा असतो, तिथं हवेचे सिलिंडर. भरतीरेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंतचं भोवतालचं सगळं पाणी 1979 पासून संरक्षित. प्रवाळाला कुणी हात लावू नये म्हणून हातमोजे घालायलाही बंदी. शिवाय वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बेट बाजूला आहे. 2010 पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, म्हणजे आमच्या देवळा नगरपंचायतीची लांबची भाऊबंद. (भाऊबंदकीचा फायदा व्हिसाला होत नाही, ते पाहिलं.)

कॅरिबियन म्हटलं की आमच्या घरात अजून 1971 च निघतं. वाडेकरांचा संघ, सरदेसाईंच्या 642 धावा, पहिल्याच मालिकेत चार कसोटींत गावसकरांच्या 774. त्या समुद्रात मासेही असतात, हे मीच घरात आणलेलं ज्ञान.

आता तुम्ही म्हणाल, बाई, स्कूबात तरी एकट्यानं कुठं जाता येतं? बरोबर. नाहीच जाता येत. नवशिक्याला 18 मीटरपर्यंत उतरायची परवानगी, आमच्या मापानं दहा परस विहीर, आणि सोबत दुसरा हवाच. त्याला बडी म्हणतात. एकट्यानं उतरायचं स्वतंत्र प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, पण एका नामांकित संस्थेची अट आधीच्या निदान 100 डुबक्यांची. मला हा सोबतीचा नियम शंभर टक्के मान्य. पाण्याखाली हवा संपली तर नुसतं धाडस नाकातोंडात जातं.

पण तो नियम राबवतात कसा, ते बघा. प्रत्येक पाणबुड्याच्या अंगावर श्वासाच्या दोन तोट्या असतात. एक त्याच्या तोंडात. दुसरी छातीशी अडकवलेली, बहुतेक वेळा भडक पिवळी, गडबडीत चटकन दिसावी म्हणून. ती प्रामुख्यानं दुसऱ्यासाठी. बडीची हवा संपली तर तिच्यातून त्यानं श्वास घ्यायचा आणि दोघांनी एकमेकांना धरून सावकाश वर यायचं. उतरण्याआधी दोघं एकमेकांचे पट्टे, झडपा, हवेचा काटा तपासतात. दोघांची ओळख कितीची? कधी कधी अर्ध्या तासाची. एकट्या आलेल्याला दुसऱ्या एकट्याशी तिथले लोकच जोडून देतात. आणि तिथल्या बिलात ‘दुसऱ्याच्या श्वासाचे अमुक’ अशी ओळ नसते. हे तुमच्या व्यवसायाच्या दृष्टीनं भयंकर आहे, बाई. दहा परस पाण्यात अनोळखी माणूस स्वतःची हवा फुकट द्यायला तयार, आणि वर जमिनीवर तुम्ही मला रिकाम्या उशीचे पैसे लावताय.

इतकं लांब जाऊ नये म्हणून तारकर्लीचाही विचार केला. तिथं एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, आणि मालवणचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य. तुमचा त्रास नको म्हणून साध्या लॉजला फोन लावला.

‘किती जण?’
‘एक.’
‘सोबत कोण आहे?’
‘कुणी नाही.’
‘मॅडम, सिंगलला रूम देत नाही आम्ही. मागाहून ताप होतो.’

कसला ताप, ते सांगायच्या आत फोन ठेवला. दुप्पट भाडं देते म्हणायलाही सवड मिळाली नाही. म्हणजे एकीकडे मी एकटी आहे म्हणून दोन माणसं, आणि दुसरीकडे मी एकटी आहे म्हणून शून्य. एकटीला एक मोजणारं गणित पर्यटन खात्याच्या अखत्यारीत येत नसावं. तो लॉजवाला तुमच्यापेक्षा सरळ, एवढं कबूल करायला हवं. त्यानं नाही म्हटलं आणि पैसेही घेतले नाहीत.

आम्ही कपातीला नवखे नाही. कांद्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, वाराई असल्या नावांनी पैसे कापलेले आम्ही पाहिलेत, त्यावर वर्षानुवर्षं भांडलोयही. पण तिथं निदान कुणी माल उचललेला असतो, कुणी मापलेला असतो. तुम्ही काय उचललंत? माझी बॅगसुद्धा मीच ओढणार आहे.

तरीही पैसे भरायची माझी तयारी आहे. फक्त घेतलेल्या पैशांचा माल मिळावा. दोन माणसांचे पैसे म्हणजे दोन माणसांचा नाश्ता, त्यातला एक मी डब्यात बांधून नेईन. विमानतळावर पाटी दोन नावांची धरा. दुसरं नाव कुणाचं, हा प्रश्न मी सोडवलाय: तुमचंच. पैसे तुमच्या नावानं घेताय, तर राहायलाही तुम्हीच या. पलंगाची खिडकीकडची बाजू माझी. पासपोर्टच्या झेरॉक्स लवकर पाठवा, व्हिसाचं तुमचं तुम्ही बघा. आणि बडी म्हणून पाण्यात उतरणार असाल तर 200 मीटर पोहता येतं का, तेही कळवा. ती अट तळटीपेत नसते, शिकवतानाच पाण्यात घालून बघतात.

आपली,
देवळ्याची एक
(आपल्या हिशेबी दोन)