थकबाकीदार इच्छुकाची मीमांसा

कर न भरण्याचे दोन प्रकार संभवतात. पैसे नाहीत म्हणून न भरणे हा पहिला प्रकार असून त्याला थकबाकी म्हणतात. कर मागण्याचा अधिकारच सरकारला नाही, असे सिद्ध करून न भरणे हा दुसरा, आणि अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराचा एक जुना पंथच आहे. न्यायालय ऐकत नाही असे दिसल्यावर या पंथातील माणूस कधीकधी मतदारांकडे वळतो आणि निवडणुकीला उभा राहतो. कर नाकारणे आणि निवडणूक लढवणे हे दोन्ही गुण एकाच व्यक्तीत एकवटले असता काय घडते, हे पाहण्यासाठी नगरपंचायत निवडणुकीच्या तोंडावर हिमायतनगरातील करवसुलीच्या खिडकीशी घडू शकेल असा पुढील संवाद कल्पिला आहे. 'इच्छुक' म्हणजे ज्याला कोणत्याही पक्षाने तिकीट दिलेले नाही, तरी ज्याचे बॅनर चौकात लागलेले आहे असा गृहस्थ. 'लिपिक' म्हणजे ज्याच्यापुढे मागणी रजिस्टर उघडे आहे असा गृहस्थ. एकाला भावी नगरसेवकाची प्रतिष्ठा सांभाळायची आहे आणि दुसऱ्याला कार्यालयाची, म्हणून दोघेही स्वतःविषयी तृतीय पुरुषातच बोलतात.

इच्छुक : साहेब, या इच्छुकाला बेबाकी पाहिजे, म्हणजे त्याच्याकडे नगरपंचायतीचे काहीही येणे नाही असा दाखला, आणि तो आत्ताच पाहिजे, कारण अर्ज भरण्याची मुदत आज दुपारी तीनला संपते.

लिपिक : मामा, राहत्या घराची आणि रस्त्यालगतच्या गाळ्याची चार वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर आणि गाळ्यावरचा रोजगार हमी उपकर एवढे सगळे रजिस्टरात मागील बाकी म्हणून चढलेले असताना दाखल्यात नेमके काय लिहावे, असा पेच कार्यालयापुढे आहे.

इच्छुक : ते बाकी नाही, नाकारलेले आहे. बिल 'हिमायतनगर' येथील मिळकतीवर काढलेले आहे आणि इच्छुकाचे घर वाढोण्यात आहे. हिमायतनगर हे नवे नाव निजामी काळात रयतेला न विचारता पडले, आणि जे नाव रयतेला विचारून ठेवले नाही, त्या नावाचे बिल रयतेला लागू होत नाही.

लिपिक : हा मुद्दा अमेरिकेत होऊन गेला आहे. तेथील राज्यघटनेच्या सोळाव्या दुरुस्तीने १९१३ मध्ये केंद्र सरकारला उत्पन्नावर कर लावण्याची मोकळीक मिळाली. पुढे करविरोधकांनी असे शोधून काढले की, ओहायो हे राज्य १८०३ मध्ये संघात आले खरे, परंतु प्रवेशाचा औपचारिक ठराव राहून गेला आणि तो १९५३ मध्ये झाला, म्हणून १९१३ मध्ये ओहायो हे राज्यच नव्हते, म्हणून त्याची संमती खोटी, म्हणून दुरुस्ती खोटी, म्हणून कर खोटा. न्यायालयांनी हा मुद्दा प्रत्येक वेळी फेटाळला, आणि असले निरर्थक मुद्दे विवरणपत्रात घालणाऱ्याला आता तेथे ५,००० डॉलर दंड होतो.

इच्छुक : दंडही नाकारता येत असेलच. तिकडचे एक विद्वान विवरणपत्राच्या प्रत्येक रकान्यात शून्य भरायला शिकवीत, असे मोबाईलवर पाहण्यात आले आहे.

लिपिक : ते अर्विन शिफ. त्यांनी करविरोधावर पुस्तके लिहिली, त्यांपैकी एकाच्या विक्रीला न्यायालयाने बंदी केली. १९९६ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळविण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि ती मिळाली नाही. २०१५ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते करविषयक गुन्ह्यांची शिक्षा कैदेत भोगत होते. त्यांच्या शून्यांचा हिशेब असा लागला.

इच्छुक : अमेरिकेचे राहू द्या. याच मराठवाड्यात १९४७-४८ मध्ये करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाच्या संस्थानाचे जकात नाके, जाळण्यात आले. आबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली गेली. ठरल्या भावाने सक्तीने घेतले जाणारे धान्य, म्हणजे लेव्ही, देण्यास शेतकऱ्यांनी नकार दिला. इच्छुक त्याच परंपरेतला आहे.

लिपिक : त्या परंपरेत आणि प्रस्तुत प्रकरणात थोडे अंतर पडते, मामा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लोकांना निजामाची सत्ताच मान्य नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी तुरुंगात जाऊन मोजली. निजामाच्या दरबारात मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, मिळावी म्हणून त्यांच्यापैकी कोणी अर्ज घेऊन रांगेत उभे राहिल्याची नोंद नाही. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ मध्ये शेतसारा रोखला, तो वाढ २२ टक्क्यांची होती म्हणून. चौकशीत ती सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि त्यांनी सारा भरला. येथे मात्र ज्या नगरपंचायतीचे बिल अमान्य आहे, तिच्याच सभागृहात खुर्ची हवी आहे.

इच्छुक : खुर्चीवर बसल्याशिवाय कर रद्द कसा होणार?

लिपिक : कर भरल्याशिवाय खुर्चीवर बसता येत नाही, अशी कायद्याची रचना आहे. लेखी विशेष नोटीस मिळून तीन महिने उलटले तरी बाकी न भरणारा माणूस नगरपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरतो. ग्रामपंचायतीच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे.

इच्छुक : नोटीस इच्छुकाने घेतलीच नव्हती.

लिपिक : म्हणून ती दारावर डकवली आणि पंचनामा केला. पंचांच्या सह्या येथे आहेत. त्यांतली एक तुमच्या मेव्हण्याची.

इच्छुक : (क्षणभर थांबून) मग नगरपंचायत नको. इच्छुक हदगाव विधानसभा लढवील, नाही तर थेट हिंगोली लोकसभा. तिथे घरपट्टी कोणी विचारत नाही.

लिपिक : तिथे अनामत विचारतात, अनामत म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत ठेवायची रक्कम. सर्वसाधारण उमेदवाराला विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये ठेवावे लागतात, आणि एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मते न मिळाल्यास ते सरकारजमा होतात. २०२४ मध्ये हिंगोलीत ३३ उमेदवार होते. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर सोळाच बटणे बसत असल्याने नोटा धरून तीन युनिटे मांडावी लागली. घरपट्टीसाठी नोटीस, पंचनामा आणि जप्तीची भीती एवढे सगळे लागते. अनामत मात्र करविरोधकसुद्धा वाजतगाजत येऊन भरतो.

इच्छुक : गर्दी हेच शस्त्र आहे, साहेब. १९९६ मध्ये बेळगावात सीमाप्रश्नासाठी ४५६ उमेदवार उभे राहिले; २०१९ मध्ये शेजारच्या निजामाबादेत १८५ उमेदवार होते आणि त्यांतले बहुतेक हळदीला व ज्वारीला भाव मागणारे शेतकरी होते.

लिपिक : त्या सगळ्या उमेदवारांचे मागणे एकच होते, म्हणजे ते निवेदनच होते, फक्त मतपत्रिकेवर छापलेले, आणि बेळगावच्या वेळी लोकसभेची अनामत ५०० रुपये होती, ती त्याच वर्षी कायदा बदलून १०,००० झाली. तुमच्या मागण्याला सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवणारे मतदार, किती आहेत? अपक्षाला लोकसभेसाठी दहा लागतात.

इच्छुक : मेव्हण्याला धरून दोन. पण अपक्षाला कमी लेखू नये. २०१४ मध्ये रायगड लोकसभेला राष्ट्रवादीचे सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. इच्छुकाच्या मनात असे येते की, राजपत्रात जाहिरात देऊन एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचे नाव धारण करावे.

लिपिक : म्हणजे नाव बदललेले गाव मान्य नाही, परंतु नाव बदललेला उमेदवार चालतो?

इच्छुक : (घड्याळाकडे पाहून) तात्त्विक चर्चेला वेळ उरलेला नाही. नाइलाजाने आणि निषेध नोंदवून ही रक्कम भरण्यात येत आहे. पावतीवर गावाचे नाव तेवढे वाढोणा लिहावे.

लिपिक : मतदार यादीत हिमायतनगर आहे. पावती आणि यादी जुळली नाही, तर छाननीत, म्हणजे अर्ज तपासण्याच्या टप्प्यात, हरकत निघते.

इच्छुक : मग हिमायतनगरच लिहा, ठळक.

लिपिक : (पावती फाडून देत) मागील बाकी, चालू मागणी आणि विलंबाचे व्याज, सर्व वसूल. आज खिडकीवर आलेले तुम्ही सातवे इच्छुक, मामा. घरोघर फिरून जे वसूल होत नाही, ते उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात आपोआप चालत येते. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक राहिले, त्या काळात बेबाकी मागायला कोण येणार होते? लोकशाहीसाठी नाही, तर निदान घरपट्टीसाठी तरी निवडणुका वेळेवर घ्याव्यात, अशी वसुली विभागाची शिफारस आहे.