कंबर ३४

माझी कंबर गेली पंधरा वर्षं ३४च आहे. दुकानात ठणकावून आकडा सांगायचा, पँट होतेच, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. परवा पन्नाशीची तपासणी करायला गेलो, तर तिथल्या बाईंनी बेंबीवरून टेप फिरवली आणि शांतपणे लिहिलं, ९९ सेंटिमीटर.

"अहो, कंबर खाली आहे," मी म्हणालो.

"काका, पँट खाली आहे. कंबर इथेच असते."

पोट पुढे येत गेलं तशी पँट मुकाट्याने त्याच्याखाली सरकत गेली होती. आकडा शाबूत, भूगोल बदललेला! बरं, युरोपातल्या पुरुषाला ९४ सेंटिमीटरपर्यंत मुभा आणि आपल्याला ९०च. का, तर आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती चटकन साठते. पूर्वी आमच्या शिंप्यांकडून कपडे शिवून घ्यायचो तेव्हा ही लपवाछपवी चालत नसे. लग्नाच्या पँटला त्यांनी मागच्या शिवणीत दोन इंच कापड ठेवलं होतं. "लागेल पुढे," एवढंच म्हणाले. रक्त न काढता.

रक्ताचं तर विचारूच नका. आधी दोन दिवस काकडी खाल्ली की साखर बरी यायची. आता तीन महिन्यांची मोजतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगाला चिकटवून हिंडतात. म्हणजे गणपतीतले मोदक दिवाळीला बाहेर येणार. माझी ६.१ निघाली. साडेसहाला मधुमेह. अजून यजमान नाही, पण निमंत्रितांत नाव आहे.

म्हणून हल्ली पहाटे पर्वती. तिथे धाप लागली म्हणून कुणी पुरुष थांबत नाही. अर्ध्या पायऱ्यांवर त्याची नाडी सुटते. (बुटाची.) आमच्या घोळक्यात दीक्षितवाले आणि दिवेकरवाले असे दोन पक्ष आहेत: पहिले दोनदाच जेवतात, दुसरे थोड्या थोड्या वेळाने. मी महिनाभर दोन्ही पाळून पाहिलं. दोनदा पोटभर, मधे दर दोन तासांनी थोडं.

एक मित्र दहा हजार पावलं पुरी करायला रात्री पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालतो. त्याला सांगितलं, अरे, हा आकडा डॉक्टरांचा नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं' असं होतं. तो क्षणभर थांबला. "मग नऊ हजार चारशेवर झोपू म्हणतोस?" आणि पुन्हा चालायला लागला.

गेल्या रविवारी पंधरा वर्षांनी शिंप्यांकडे गेलो. त्यांनी न विचारता बेंबीवरून टेप घेतली, वहीत ३९ लिहिलं.

"दोन महिन्यांनी कमरेत आत घ्यायला आणीन हां," मी बजावलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "आणा की," म्हणाले, आणि खडूने मागच्या शिवणीत दोन इंच जास्तीचे आखून घेतले.