तुझ्या गोधडीत प्रेत होतं

लेटनस्टोन, लंडन
रविवार, 29 मार्च 2015

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, आधी गुन्हा कबूल करते, मग खुशाली. सईच्या बारशाला तू दिलेली गोधडी, तुझ्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची, तिच्यावर तांबडा डाग पडलाय. तळहाताएवढा. तीनदा धुतली, उन्हात टाकली (इथलं ऊन म्हणजे नावाला), तर डाग फिका होऊन गुलाबी झाला आणि आता आधीपेक्षा जास्त संशयास्पद दिसतो. मे महिन्यात आल्यावर पहिल्याच रात्री तू गोधडी मागणार, म्हणून आधीच सांगते. रक्त नाही. म्हणजे रक्तच आहे, पण गोल्डन सिरप, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घालून घरी केलेलं. हे स्काइपवर सांगता आलं असतं, पण बाबा "ऐकू येतंय का?" म्हणत स्क्रीनला कान लावतात आणि मला नुसता कान दिसतो. कानापुढे कबुलीजबाब कसा द्यायचा?

तर त्याचं असं झालं. सईचं हे ए लेव्हलचं पहिलं वर्ष. चार विषयांतला एक मीडिया स्टडीज. बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना, "यात नापास होता येतं का?" येतं. 100 मार्कांचं काम आहे: 20 संशोधन आणि आखणीला, 60 प्रत्यक्ष चित्रपटाला, 20 नंतरच्या परीक्षणाला. चित्रपट म्हणजे अख्खा नव्हे. कधीच न बनणाऱ्या एका चित्रपटाची फक्त सुरुवात, श्रेयनामावलीसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटं. हिच्या गटाने रहस्यपट घेतला. मी म्हटलं, दोन मिनिटं म्हणजे दूध उतू जायला लागतात तेवढी, त्यात काय! पण सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर दोन मिनिटांच्या होतात 3000, आणि त्यातल्या निम्म्याअधिक चौकटींत आमचं स्वयंपाकघर आहे.

मुख्य चित्रपटाआधी एक सरावाचा धडा असतो. एकाने दार उघडायचं, खोली ओलांडायची, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसायचं आणि दोन वाक्यं बोलायची. बस्स. पण बाहेरून हात कडीवर पडला की आतून तोच हात, त्याच वेगाने दिसला पाहिजे. दार उघडायला मंदार. तुला आठवत असेल, कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात तो 'सैनिक क्रमांक दोन' होता. इतकी वर्षं दबून राहिलेला तो सैनिक त्या दारातून बाहेर पडला. दर खेपेला वेगळा. एकदा दमलेला, एकदा चिडलेला, एकदा तर लंगडत. सई म्हणाली, "बाबा, फक्त दार उघडा." हा म्हणतो, "पण या माणसाचं आज बँकेत काय झालंय?" एकोणीस वेळा दार उघडलं, आणि बाहेर 3 अंश. त्या महिन्याचं गॅसचं बिल मी वेगळं ठेवलंय, संशोधन आणि आखणीत लावायला.

याच धड्यात तो 180 अंशांचा नियम. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की त्यांना जोडणारी एक रेघ मनात धरायची आणि कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही. ओलांडली की डावीकडे बघणारा माणूस एकदम उजवीकडे बघायला लागतो आणि प्रेक्षक गोंधळतो. गटातल्या पोलिश मुलीला काही केल्या हे पटेना. शेवटी मी पोळी तव्यावर ठेवून बाहेर आले आणि त्यांना आपल्या वाईच्या काशीविश्वेश्वराची प्रदक्षिणा सांगितली. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा, सोमसूत्रापर्यंत जायचं आणि उलट फिरायचं, नंदी आणि पिंडीच्या मधून तर जायचंच नाही. नंदी म्हणजे मंदार, पिंडी म्हणजे समोरची खुर्ची. पोलिश मुलीने हे वहीत उतरवून घेतलं. पोळी करपली. सईच्या फाइलमध्ये आता वाईच्या देवळाची आकृती आहे आणि तिच्या शिक्षिकेने शेजारी बरोबरची खूण केलीय.

मग खरा चित्रपट. पहिली कल्पना अशी, की एक मुलगी एपिंगच्या जंगलातून पळतेय आणि मागे टोपीवाला माणूस. शिक्षिका म्हणाल्या, दरवर्षी निम्मे गट हेच करतात, पण करून बघा. हातात चाकू हवा होता. तो लगेच बाद. इथे योग्य कारणाशिवाय रस्त्यावर चाकू बाळगणं गुन्हा आहे, मिटणारा आणि तीन इंचांच्या आतल्या पात्याचा असेल तरच चालतो. बाबा, तुमचा आंबे कापायचा चाकू पाहून इथल्या पोलिसांना घाम फुटेल. तर बिनचाकूचा खुनी घेऊन ही चौघं डिसेंबरात हॉलो पॉन्ड्सच्या झाडीत गेली. चारच्या आत सूर्य मावळतो. त्यात तिथे अख्खं लेटनस्टोन कुत्री फिरवायला येतं. मुलगी किंचाळत पळतेय, मागून खुनी, आणि खुन्याच्या मागे शेपटी हलवत एक सोनेरी लॅब्राडोर. सात टेक झाले आणि सातही टेकमध्ये कुत्रा. शेवटच्यात तर तो खुन्याचे हात चाटतोय आणि खुनी त्याला थोपटतोय, कारण मुलगा मुळात गुणी.

कल्पना सोडून दिली. आठवडाभर सई तोंड पाडून बसली होती. तेवढ्यात मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या विड्यांसाठी सुपारी कातरायला बसले, तुझा पितळी अडकित्ता घेऊन. कट्ट. ही जिन्यावरून ओरडली, "आई! परत कर." कट्ट. "परत." मला वाटलं डोकं दुखतंय म्हणून ओरडतेय. खाली आली ती मायक्रोफोन घेऊन. म्हणाली, हे काय आहे? म्हटलं सुपारी. तर मंदार पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "आमच्या मुंबईत सुपारी देणं म्हणजे काय, माहितीये का?" आणि त्याने तिला ते सांगितलं. आई, पोरीच्या चेहऱ्यावर असा आनंद मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. चित्रपटाचं नाव तिथेच ठरलं. 'सुपारी'.

शाळेत त्यांना 1995 सालच्या 'सेव्हन'ची सुरुवात दाखवली होती. काइल कूपरने केलेली. मीही पाहिली, एका डोळ्याने. खुन्याचा चेहरा दिसतच नाही, नुसते हात. तो वह्या शिवतो, फोटो कापतो, आणि ब्लेडने स्वतःच्या बोटांची कातडी सोलतो. श्रेयनामावलीची अक्षरंसुद्धा हाताने ओरबाडलेली. सई म्हणाली, "बघ, हात पुरतात." हात कोणाचे, हा प्रश्न होता. शाळेला धोक्यांचा तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात तिने लिहिलं, अडकित्ता: बोट सापडण्याची शक्यता. उपाय: आई स्वतः कातरेल. तर आई, खुनी मी आहे. बांगड्या काढत होते, तर आवाज टिपणारा मुलगा म्हणाला, राहू द्या. अडकित्ता मिटला की आधी कट्ट, मग अर्ध्या सेकंदाने काचेच्या बांगड्यांची बारीक किणकिण. मोठ्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. मागे जो आवाज आहे तो माझ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा, वेग निम्मा करून. दुसऱ्याचं संगीत उचलायला बंदी आहे, त्यामुळे माझा षड्ज कामाला आला. गाण्याच्या बाईंना कळवू नकोस.

आणि ते कट्ट नीट टिपायचं तर बाहेरच्या गाड्यांचा आवाज नको, म्हणून मी आणि मायक्रोफोन दोघं गोधडीखाली. गोधडीचा चित्रपटसृष्टीत प्रवेश झाला तो असा. मग कोणीतरी म्हणालं, प्रेत कशात गुंडाळायचं?

प्रेत म्हणजे आमचा चिनू. नऊ वर्षांचा, फुकट मिळणारा. मागच्या अंगणात, संध्याकाळी, रेनकोट घातलेली मी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी ओढत नेते, एक हात बाहेर लोंबतो, त्यावर रक्त. चिनू "मी हलणार नाही" म्हणाला आणि शब्द पाळला, कारण तिसऱ्या टेकला त्याला झोपच लागली. चौथ्या टेकला प्रेत घोरलं. तुझ्या गोधडीची ऊब आहे ती, मी कोणाला दोष देणार? एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या आजींचं डोकं वर आलं. मी ओणवी, हात लाल, पायाशी मुलाएवढं गाठोडं. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" पाऊस थांबला का, हे विचारायचा जो सूर, तोच. मी सगळं सांगितलं. त्या आत गेल्या. मी मनात पोलिसांना काय सांगायचं याची उजळणी करतेय, तोवर त्या परत आल्या, हातात एक जुना गडद रेनकोट. म्हणाल्या, तुझा तो निळा कोट खुन्याला शोभत नाही, हा आमच्या ह्यांचा घे. ते गेले त्याला सहा वर्षं झाली, कोट कपाटातच होता. आई, त्या कोटाच्या खिशात बसची दोन तिकिटं होती. ती तशीच ठेवून कोट परत केला.

सातत्य ही एक पीडा आहे. पंधरा दिवस मला स्वयंपाकघरात काही हलवू दिलं नाही. खुर्चीच्या पायांना जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. अडकित्ता धुवायचा नाही. इतकं करूनही जोडणीला बसल्यावर दिसलं, की मागच्या भिंतीवरचं घड्याळ आधी चार दहा, मग सहा पस्तीस, मग पुन्हा चार वीस. आणि ताटलीतले तिळाचे लाडू. पहिल्या शॉटमध्ये अकरा, शेवटच्यात चार. मंदार म्हणतो मुलांनी खाल्ले, मुलं मंदारकडे बोट दाखवतात. अख्ख्या रहस्यपटातलं खरं रहस्य तेवढंच. (घड्याळावरून आठवलं, आज पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे झाली. आता तुमच्यात-आमच्यात साडेचार तास. बाबांना सांग, सकाळी दहाला फोन केलात तर आम्ही झोपेत असतो.)

लेटनस्टोन हे हिचकॉकचं जन्मगाव, हे मी तुला कधी सांगितलंच नाही, कारण इतकी वर्षं मलाही त्याचं काही नव्हतं. 1899 साली इथल्या हाय रोडवर त्याच्या वडिलांचं भाजीचं दुकान होतं, आता तिथे पेट्रोल पंप आहे. ट्यूब स्टेशनात त्याची आणि त्याच्या चित्रपटांची 17 मोझेक चित्रं आहेत. त्यांच्यासमोरून मी रोज भाजीच्या पिशव्या घेऊन जाते. लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन चौकीवर पाठवलं आणि पोलिसाने पाच मिनिटं कोठडीत कोंडलं, असं तो स्वतः सांगायचा. बाबा, तुम्ही दादाला शाळेतून पळाला म्हणून नुसतं परसात उभं केलंत, त्यामुळे आपल्या घरात दिग्दर्शक झाला नाही. त्याच्या 'सायको'मधलं न्हाणीघरातलं रक्त चॉकलेट सिरपचं होतं. चित्रपट काळापांढरा, म्हणून खपलं. आमचा रंगीत, म्हणून तुझी गोधडी गेली.

त्याचं एक म्हणणं सईने भिंतीवर लावलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी कळलं आणि टेबलावरचे लोक निवांत गप्पा मारत बसले, तर तो पंधरा मिनिटं तडफडतो. हे वाचून मला बाबांचे बाबूराव अर्नाळकर आठवले नाहीत, तू आठवलीस. दादाची शेवटची एस. टी. चुकायची त्या रात्री तू ओट्यापाशी उभी राहून एकच भांडं किती वेळ घासायचीस. मी सईला ते सांगितलं. तिने जोडणीत माझे हात सुपारी कातरताना तीन सेकंद नुसते थांबवले आणि मागे दारावर कोणाची तरी सावली. बाकी काही नाही. दोन मिनिटांत तेवढी एकच जागा खरी भीतीची, बाकी सगळं सिरप.

श्रेयनामावलीवरून भांडणं झाली. दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीच्या नावांत सगळ्यांत शेवटी येतं, आणि चौघांनाही शेवटी यायचं होतं. शेजारच्या आजींचं नाव वेशभूषेला आहे. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. परीक्षणाचे सात प्रश्न असतात, त्यातल्या एकात प्रेक्षक कोण ते लिहायचं. सईने लिहिलं, 15 ते 25 वयाचे, आणि प्रमाणपत्र '15'. म्हणजे पंधराच्या खालच्यांना मज्जाव. चिनूला हे कळल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं. स्वतःचंच प्रेत बघायची त्याला परवानगी नाही! शेवटी मंदारने त्याला हात दिसतो तेवढे बारा सेकंद दाखवले. तो म्हणाला, "मी छान मेलोय."

गुरुवारी शाळेत पालकांना दाखवलं. अंधार झाला, कट्ट, किणकिण, आणि मागच्या रांगेत कोणीतरी श्वास ओढला. मी मात्र गोधडीच बघत होते. एवढ्या मोठ्या पडद्यावर तुझे टाके दिसले. कोपऱ्यातलं जांभळं इरकलीचं ठिगळ, तेही. बाकीच्यांना काय, प्रेत दिसलं.

आता दुसरी कबुली. पुढच्या वर्षी सईला ट्रेलर करायचाय आणि त्याची जुळवाजुळव जूनमध्ये, तू इथे असतानाच, सुरू होईल. तिला एक म्हातारी हवी आहे. सगळी नको, फक्त पाय. जिन्यावरून रात्री हळूहळू खाली येणारे. गेल्या खेपेला तू पाणी प्यायला उतरायचीस तो आवाज तिच्या डोक्यात बसलाय. मी तुझ्या वतीने हो म्हटलंय. जोडवी घालून ये, आणि विमानतळावर काढून पर्समध्ये टाकलीस तर परत घालायला विसरू नकोस. अडकित्त्याचा खिळा ढिला झालाय, तांबट आळीत विचारून एक आणशील का?

बाबांना नमस्कार. त्यांना कॅमेरा धरायला मिळणार नाही, असं सई आत्ताच सांगून ठेवते आहे.

तुझी,
सुमा