आधी भरा, मग शेका

चंदगड तालुक्याची ख्याती पावसाची, थंडीची नव्हे. सरकारदरबारी ही मोठीच अडचण आहे. पावसाने भात आडवं झालं की पंचनामा होतो, हत्तीने ऊस तुडवला तर भरपाईसाठी वनखात्याचा अर्ज तयार असतो. पण ज्या धुक्याने काजूचा मोहोर करपतो, त्याच धुक्यात पहाटे म्हाताऱ्या माणसाची छाती भरते, आणि तिचा पंचनामा करणारा तलाठी अजून नेमला गेलेला नाही. दिवाळी उरकली की इथल्या घरात दोन खर्च जोडीने शिरतात, एक जळणाचा आणि दुसरा दवाखान्याचा. सरकारने मात्र या जोडीची कधीच फारकत केली आहे. जळण एका मंत्रालयात नांदतं, आजार दुसऱ्यात, आणि दोघांची भेट होते ती फक्त घरातल्या बाईच्या रिकाम्या पर्समध्ये.

मदतच नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं ठरेल. गॅससाठी २०१६ पासून केंद्राची उज्ज्वला योजना आहे, २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा आहे. अन्नपूर्णेत पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत. ‘मोफत’ या शब्दाचा शासकीय अर्थ असा, की आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग ते खात्यावर परत येण्याची वाट बघायची. योजना आली तेव्हा सिलिंडर ८३० रुपयांचा धरला होता. उज्ज्वलावाल्या बाईला त्यातले ३०० दिल्लीहून आणि ५३० मुंबईहून यायचे. म्हणजे ज्या घरात अख्ख्या सिलिंडरचे पैसे एकरकमी शिल्लक असतात, त्या घराला गरिबीची मदत मिळते. शिवाय कनेक्शन बाईच्या नावावर हवं आणि एका महिन्यात एकाहून अधिक सिलिंडरचं अनुदान नाही. थंडीने मात्र महिन्याला किती गारठायचं याची मर्यादा अजून स्वीकारलेली नाही.

याचा निकाल केंद्राच्याच आकड्यांत आहे. उज्ज्वलाचं एक कुटुंब २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३.०१ सिलिंडर घेत होतं, २०२४-२५ मध्ये ४.४७. वाढ खरी आहे, तिचं कौतुकही व्हावं. पण १४.२ किलोचे साडेचार सिलिंडर बारा महिन्यांना वाटून पाहा. एक सिलिंडर अडीच महिन्यांहून जास्त पुरवायचा तर त्यावर चहा होईल, अंघोळीचं पाणी नाही. म्हणून कट्ट्यावरची शेगडी पुसून चकचकीत ठेवलेली असते, पाहुणा आला की पेटते. आणि न्हाणीच्या बाजूला तीन दगडांवर काळाकुट्ट हंडा चढलेला असतो. त्याच्याखाली रात्रीच्या दवाने ओलं झालेलं जळण, ते धरत नाही म्हणून दोन शेणी, शेणी पेटत नाहीत म्हणून मूठभर उसाचा पाला, आणि सगळ्याला फुंकणीने फुंकर घालणारी बाई. पाणी तापेपर्यंत अर्धा धूर आढ्याला जातो, अर्धा तिच्या छातीत.

त्या धुराचाही हिशेब झालेला आहे. घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०१९ साली भारतात सहा लाखांहून अधिक माणसं दगावल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे सिलिंडरवर वाचवलेला रुपया पुढे डॉक्टरकडे व्याजासह भरावा लागतो. तिथेही मदत आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. अट एकच, आजार दणदणीत हवा. रुग्णालयात दाखल करून घेण्याजोगं काहीतरी व्हायला हवं. रोजची बीपीची गोळी, महिनाभर न हटणारा खोकला, दम्याचा पंप यांना योजनेच्या यादीत जागा नाही. पंपांच्या बाबतीत सरकार तसं उदार आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे. छातीला लागणाऱ्या पंपाला अश्वशक्ती नसते, तिथे तो मार खातो.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसुद्धा फुकट झाला, मग रडगाणं कशाचं? निर्णय चांगलाच आहे. पण दवाखान्याचा खर्च दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो बुडालेल्या मजुरीपासून आणि गाडीभाड्यापासून सुरू होतो, आणि साठा संपला असेल तर बाहेरच्या औषधाच्या चिठ्ठीवर संपतो. दुखणं मोठं असेल तर चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण ती राज्याच्या हद्दीपर्यंत. शिनोळीच्या पुढे आजोबांचं वय तेच राहतं, तिकीट मात्र लागतं.

दुसरा आक्षेप शहरी आहे. चंदगडची थंडी ती काय, तिथे बर्फ पडतो का? इंग्लंडात हाच प्रश्न कायद्याने विचारतात. पारा सलग सात दिवस सरासरी शून्यावर किंवा खाली गेला, की गरीब घराला २५ पौंड मिळतात. ही पद्धत आपल्याकडे आणली तर चंदगडला जगबुडीपर्यंत छदाम मिळायचा नाही. पण त्याच देशात वृद्धांना हिवाळ्याच्या तोंडावर इंधनासाठी वेगळी रक्कम मिळते, बहुतेकांना अर्जही करावा लागत नाही. २०२४ मध्ये तिथल्या अर्थमंत्र्यांनी ती फक्त अगदी गरिबांपुरती ठेवली, आणि वर्षभरात, जून २०२५ मध्ये, आपलाच निर्णय बराचसा गिळला. थंडी थर्मामीटरमध्ये कमी आणि कौलांच्या फटीत जास्त असते, हे तिथल्या मतदारांनी पटवून दिलं.

उरला आक्षेप फुकटेपणाचा. तो खरा असता तर साडेचारच्या जागी बारा सिलिंडर उचलले गेले असते. लोक फुकट मागत नाहीत, वेळेवर मागतात. तीन सिलिंडर द्यायचेच आहेत तर ते दिवाळी ते होळी या काळात, एजन्सीच्या दारातच वजावट करून द्यावेत. दम्याची आणि बीपीची औषधं आशाताईंच्या पिशवीतून त्याच फेरीत घरी पोचावीत. नवा पैसा फारसा लागणार नाही, दोन खात्यांनी एकदा एकत्र चहा घेतला तरी पुरे, चहापुरता गॅस त्यांच्याकडे असावा. पण मदतीचं आपलं पंचांग निराळं आहे. त्यात हिवाळा नावाचा ऋतूच नाही, मार्चअखेर नावाचा आहे. रखडलेला निधी धडाधड खर्ची पडतो तो तेव्हा, जेव्हा चंदगडात काजूची बोंडं पिकून घमघमत असतात आणि लोक वाकळा उन्हात घालून, घडी करून, माळ्यावर टाकत असतात.