तुळशीशेजारचा डबा

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली पावसाचे दोन अंदाज येतात. पहिला एप्रिलच्या मध्याला भारतीय हवामान खात्याकडून. दुसरा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी पहाटे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळहून. पहिल्यात टक्के असतात, दुसऱ्यात पापड. माझे भाऊकाका हे दोन्ही अंदाज तितक्याच गंभीर चेहऱ्याने ऐकतात. मी विज्ञानाचा पदवीधर. त्यामुळे एकाला मान डोलवायची आणि दुसऱ्याला हसायचं, एवढं मला ठरवून मिळालेलं आहे.

भेंडवळची ही घटमांडणी एकदा पाहण्यासारखी आहे. चंद्रभान महाराज वाघांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं सांगतात. आज त्यांचे वंशज ती करतात. आखाजीच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोल घट आखायचा. कडेने अठरा धान्यं मांडायची: गहू, ज्वारी, तूर, तीळ, सरकी, अंबाडी वगैरे. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, वडा, भजी. शिवाय पानाचा विडा. मग सगळ्यांनी घरी जायचं. रात्रभर तिथे कुणी थांबायचं नाही. पहाटे येऊन बघायचं. कुठलं ढेकूळ किती भिजलं, यावरून त्या महिन्याचा पाऊस. कुठले दाणे जागचे हलले, यावरून त्या पिकाचा अंदाज. विडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, मसूर म्हणजे परका शत्रू, भादली म्हणजे रोगराई. एका रात्रीत, एका वावरात, अख्ख्या देशाचा अर्थसंकल्प मांडून होतो, आणि तोही खायच्या जिनसांत.

पहाटे भोवती शेतकऱ्यांची ही गर्दी असते. भाकीत ऐकताना कुणी कागदावर टिपून घेतं, कुणी मोबाइलवर. मी एकदा भाऊकाकांना विचारलं, ‘‘काका, रात्री उंदराने करंजी नेली तर तिजोरीचं काय?’’

ते शांतपणे म्हणाले, ‘‘मंग तिजोरी उंदरानं नेली म्हनायची. तसं कधी झालंच नाही का आपल्या देशात?’’

विज्ञानाच्या पदवीत या प्रश्नाचं उत्तर शिकवत नाहीत.

खात्याच्या अंदाजावर मात्र मी हसत नाही. पण खरं सांगायचं तर तो तरी मला कुठे समजतो? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची देशाची सरासरी 87 सेंटीमीटर. 96 ते 104 टक्के पडला की ‘सामान्य’. हे मी पाठ केलंय. समुद्राचं तापमान आणि वाऱ्यांची गणितं घालून तो आकडा कसा निघतो, ते तपासायची माझी कुवत नाही. भाऊकाका वाघ महाराजांवर विश्वास ठेवतात, मी खात्यावर ठेवतो. घागरीखालचं ढेकूळ त्यांनी निदान डोळ्यांनी तरी बघितलंय. मी प्रशांत महासागर पाहिलेला नाही.

मग फरक काय उरला? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर मिळालं ते घाटावर, लोणारला.

विद्यार्थी असताना मी पहिल्यांदा लोणारचं सरोवर पाहायला गेलो. वाटाड्याने एका दमात दोन्ही गोष्टी सांगितल्या. इथे लवणासुर राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. आणि इथे बावन्न हजार वर्षांपूर्वी उल्का पडली. पुढे लेकीला घेऊन गेलो, तर लवणासुर जिथल्या तिथे होता. उल्का मात्र पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी गेली होती. माझं लग्न, नोकरी आणि लेकीची दहावी एवढ्या अवधीत सरोवर पाच लाख वर्षांनी म्हातारं झालं! चौकशी केली तेव्हा कळलं की आधीचं वय एका पद्धतीने काढलेलं होतं, नंतरचं आर्गॉन वायूच्या पद्धतीने. त्याच्याही आधी तर कित्येक भूवैज्ञानिक या खळग्याला ज्वालामुखीचंच काम समजत. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, कारण खालचा सगळा काळा दगड ज्वालामुखीचाच आहे. पुढे 1973 च्या सुमारास, प्रचंड धडकेच्या दाबानेच होऊ शकतात असे बदल त्या दगडातल्या खनिजांत सापडले आणि ज्वालामुखीला रजा मिळाली.

लेक म्हणाली, ‘‘म्हणजे यांचं काहीच नक्की नसतं. लवणासुर बरा.’’

मी जोरात नाही म्हणालो, पण का नाही ते मला तिथे सांगता आलं नाही. दैत्यसूदनाच्या देवळाची पायरी उतरताना सुचलं नाही, ते गावी भाऊकाकांच्या ओसरीवर सुचलं. त्यांना मी हवामान खात्याची जुनी गोष्ट सांगत होतो. वसंतराव गोवारीकरांच्या पुढाकाराने 1988 पासून खातं सोळा घटकांवरून मोसमी पावसाचा अंदाज द्यायचं. बरीच वर्षं ते ठीक चाललं. 2002 साली अंदाज होता सामान्य पावसाचा. प्रत्यक्षात पडला सरासरीच्या 81 टक्के. दुष्काळ. पुढच्याच वर्षी खात्याने ते सूत्र बाजूला ठेवलं आणि नवं आणलं.

भाऊकाकांनी सुपारी कातरायची थांबवली. ‘‘खात्यानं सोता कबूल केलं का चुकलं म्हनून?’’

‘‘हो. आणि आता अंदाजासोबतच सांगतात, की यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं.’’

‘‘मंग त्याईले इचारायले हरकत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘चुकलो म्हन्नारा मानूस भरवशाचा असते.’’

एवढंच ते. तज्ज्ञावर विश्वास ठेवायचा तो त्याचं कधी चुकत नाही म्हणून नव्हे. त्याचं चुकलं की ते पकडता येतं, आणि पकडलं की त्याला वही बदलावी लागते, म्हणून. घटाचं तसं नाही. भाकीत खरं ठरलं तर घटाचं, खोटं ठरलं तर आपल्या ऐकण्याचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हेच वर्षानुवर्षं सांगतात. पण ते चिडून सांगतात, म्हणून भाऊकाका त्यांना चहा पाजून वाटेला लावतात.

गंमत अशी, की आमचं कृषी खातंसुद्धा एक घटमांडणीच करायला सांगतं. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट सुकू द्यायचं नाही. आठवड्याच्या आत उघडून मोजायचं. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं; कमी उगवले तर जास्त लागणार. भाऊकाका हे नेमाने करतात. गोणपाट उलगडताना ते चप्पल काढून बसतात आणि मोड आलेला एकेक दाणा बोटाने बाजूला सारत ओठातल्या ओठात मोजतात. लांबून कुणाला वाटेल जप चाललाय. फरक एवढाच, की गोणपाटातलं बी फक्त स्वतःबद्दल बोलतं. घटातली मसूर परराष्ट्र धोरणावर बोलते. बियाने आपल्यापुरतं बोलावं, आणि माणसानेही, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. तज्ज्ञ माणूससुद्धा आपलं वावर सोडून दुसऱ्याच्या वावरात शिरला, की त्याची मसूर होते.

कृषी खात्याचा दुसरा सांगावा असा, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. देशाची सरासरी 87 असो की 90, भाऊकाकांच्या सात एकरांत किती पडलं ते दिल्लीला कळत नाही आणि भेंडवळलाही नाही. म्हणून त्यांनी तुळशीवृंदावनाशेजारी सरळ काठाचा, पत्र्याचा एक जुना डबा ठेवलाय. साठलेल्या पाण्यात नातवाची पट्टी बुडवायची, की मिलिमीटर तयार. खात्याच्या पर्जन्यमापकाची रोजची वेळ साडेआठ, म्हणून पूजा आटोपून यांचीही साडेआठ. आकडा ते कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहितात. एकाच चौकटीत वरती तिथी, खाली नक्षत्र आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ‘14’.

परवाच्या मृगात बेरीज 62 वर आली आणि शेजाऱ्याने पेरून टाकलं. येता-जाता तो भाऊकाकांना टोमणे मारी, ‘‘डब्याची परवानगी आली का, भाऊ?’’ काका थांबले. नऊ दिवसांनी बेरीज 104 झाली, तेव्हा त्यांनी धुऱ्यावर नारळ फोडला, तिफणीला हळदकुंकू वाहिलं आणि पेरलं. डबा बरोबर ठरला, शेजारी दुबार पेरणीत बुडाला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण शेजाऱ्याचंही साधलं. मधल्या दिवसांत त्याच्या नशिबाने बारीक भुरभुर लागून राहिली.

मी काकांना चिडवलं. ते म्हणाले, ‘‘त्याचं साधलं, चांगलं झालं. पन नऊ रात्री तो अंगनात आभाय पाहत बसला. मी निजलो.’’

‘‘आणि नारळ कशाला फोडला मग? शंभर तर झाले होते.’’

‘‘देवाले मी पानी किती म्हनून इचारतच नाही, बापा. ते डब्याले इचारतो. देवाले म्हन्तो, पेरल्यावर धीर दे.’’

मी गप्प बसलो. देवाला हवामान विचारणारे आणि शास्त्रज्ञाला धीर मागणारे, दोघेही मला बरेच भेटले आहेत. दोघेही निराश होऊन परततात. ज्याचं काम त्याला सांगणारा मला हा एकच भेटला, आणि त्याचं शिक्षण सातवीपर्यंत.

आज सकाळी साडेआठला डब्यात अकरा मिलिमीटर होतं. काकांनी चौकटीत लिहिलं आणि डबा तुळशीत रिकामा केला.