इतर (नमूद करा)

अण्णा कुठल्याही घराची कडी वाजवण्याआधी चौकट वाचतात. डावीकडे गेरूनं लिहिलेला जनगणनेचा आकडा, खाली पोलिओवाल्यांचा खडूचा 'पी', उजवीकडे फवारणीवाल्यांनी टाकलेली तारीख आणि कुठंतरी कोपऱ्यात, पावसानं अर्धीमुर्धी पुसलेली, आपल्याच केंद्राच्या मागच्या पाहणीची खूण. "इथं आपण २००९ला येऊन गेलोय," ते मला म्हणाले. "म्हातारा झकास होता. चहा घेतल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही." मग कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी सांगितलं, म्हातारा गेला, दोन वर्षं झाली. अण्णांनी फॉर्मवर 'कुटुंबातील सदस्य' या रकान्यातला आकडा खोडला, नवा लिहिला, आणि बराच वेळ पुढचा प्रश्न विचारला नाही.

विद्यापीठाच्या त्या धोरण संशोधन केंद्रात मी दोन वर्षं संशोधन सहायक होतो. अण्णा किती वर्षं होते, ते आस्थापना शाखेलाही सांगता येत नसे. कारण कागदोपत्री ते कधीच अकरा महिन्यांहून जास्त नव्हते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग दोन दिवसांचा 'तांत्रिक खंड', मग नवी ऑर्डर. त्या दोन दिवसांतही ते केंद्रात येऊन बसत. फक्त सही करत नसत. पद 'क्षेत्र अन्वेषक (कंत्राटी)'. गावात त्यांना 'सर्व्हेवाले' म्हणत, ऑफिसात 'अण्णा', आणि छापील अहवालात त्यांचं नाव 'तसेच क्षेत्रीय चमू' असं होतं.

त्यांच्या शबनममध्ये ठरलेल्या वस्तू: क्लिपचं पॅड, दोन शिसपेन्सिली, खोडरबर, खडू, पाण्याची बाटली आणि लिमलेटच्या गोळ्या. गोळ्या पोरांसाठी. पोरं गोळा झाली की आया येतात, आया आल्या की घराची खरी माहिती मिळते, हे सॅम्पलिंगच्या कुठल्याही पुस्तकात नसलेलं तंत्र. पेन ते वापरत नसत. "पेनानं लिहिलं की माणसाला आपलं उत्तर बदलायची लाज वाटते," असं म्हणत.

बाकीच्या मंडळींबद्दल थोडक्यात. संचालक सर आठवड्यातून तीन दिवस दिल्लीला आणि दोन दिवस दिल्लीहून परतण्याच्या प्रवासात. पद्धतिशास्त्राच्या मॅडम हुशार, कष्टाळू, आणि गावात एकदाच गेलेल्या. त्या वेळी पाऊस होता. खरी सत्ता लेखापालांकडे. गटचर्चेच्या बिलावर त्यांनी एकदा अण्णांना उभं केलं. "चर्चेला माणसं बारा, मग चहा चौदा कसे?"

"दोघं नुसते ऐकत होते," अण्णा म्हणाले.

दोन चहा नामंजूर झाले.

सरांचं प्रत्येक भाषण धनंजयराव गाडगिळांपासून सुरू होई. तेही बरोबरच. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०मध्ये निघाली, गाडगीळ तिचे पहिले संचालक, आणि १९३६-३७मध्ये त्यांच्या माणसांनी पुण्यात घरोघर फिरून शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ला छापून आला, दुसरा १९५२ला. आमचे अहवाल उशिरा निघत तेव्हा सर याच तारखांचा दाखला देत. त्यांच्या मध्ये एक जागतिक महायुद्ध होऊन गेलं, आपल्या मध्ये काय झालं, असं अण्णांनी एकदा साधेपणानं विचारलं होतं. पुण्यात ती घरं कोण हिंडलं असेल, असंही त्यांनी विचारलं. त्यावर सरांनी चष्मा पुसला.

आमच्या बीडच्या पाहणीची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. विषय होता 'हंगामी स्थलांतर आणि ग्रामीण कुटुंब'. प्रस्ताव जूनमध्ये गेला, मंजुरी ऑक्टोबरमध्ये आली, पैसे जानेवारीत आले आणि ३१ मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. सरकारी पैशाचा हंगाम असा असतो. उसाचा वेगळा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटतात, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अण्णांनी बैठकीत हात वर केला. "सर, जानेवारीत तिथं कोणी नसतं."

"म्हणूनच तर अभ्यास करायचाय," सर म्हणाले.

गेलो. वाडीत घराघराला कुलूप. उंबऱ्यावर राखणीला म्हातारे, अंगणात शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं. नियम असा, की निवडलेलं घर बंद असेल तर तीनदा जायचं, तरी बंद असेल तर कोड चार टाकून शेजारचं घर घ्यायचं. शेजारच्यालाही कुलूप. त्याच्या शेजारीही. असं सरकत सरकत आम्ही गुरुजींच्या घरी, किराणा दुकानदाराकडे आणि ट्रॅक्टरवाल्या पाटलांच्या वाड्यावर पोचलो. स्थलांतर का करता, असं आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही कशाला करू? आम्ही कोड टाकला. स्थलांतराच्या त्या पाहणीत स्थलांतर न करणाऱ्यांचं प्रतिनिधित्व इतकं भरघोस झालं, की पुढं मॅडमना आकडे 'वेटिंग' लावून सरळ करावे लागले.

एका ओट्यावर आजी सापडल्या. अण्णांनी बैठक मारली. महिन्याला गोडंतेल किती लागतं?

"असलं तर लागतं."

नसलं तर?

"नसलं तर न्हाई लागत. ह्ये बी लिहितुस व्हय?"

लिहिलं त्यांनी. त्या प्रश्नाला सहा पर्याय होते: अर्धा किलोपर्यंत, अर्धा ते एक किलो, असे चार. पाचवा 'माहीत नाही', आणि सहावा 'इतर (नमूद करा)', त्यापुढं एक इंच रेघ. आजींचं उत्तर सहाव्यात गेलं. अण्णांचं अक्षर बारीक. रेघेवर सुरू व्हायचं, समासात वळायचं आणि पानाच्या मागं जाऊन संपायचं. त्यांचं ठाम मत होतं की अख्खा महाराष्ट्र सहाव्या पर्यायात राहतो.

"मग पहिले पाच कशाला?" मी विचारलं.

"टेबल करायला," अण्णा म्हणाले.

बीडची माणसं बीडला नव्हतीच, तर ती जिथं आहेत तिथं, म्हणजे कोल्हापूरकडच्या फडावर जावं, असं त्यांनी सुचवलं. मंजुरी बीड जिल्ह्यापुरती होती, प्रवासखर्चही तेवढाच. एका रविवारी ते स्वतःच्या खर्चानं एसटीनं गेले. कोपीत कोपी अशी ऊसतोड्यांची वस्ती, पहाटे चारला फडात, मध्ये मोळ्या. फॉर्मवर प्रश्न होता: कुटुंबप्रमुखाचं उत्पन्न किती, पत्नीचं वेगळं किती? तिथं नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. तोड टनावर, हिशेब मुकादमाकडे, आणि तो दोघांचा एकत्र. अण्णांनी त्या बाईंना वेगळा आकडा विचारला. त्या हसल्या. "कोयता एकच, मग पैसं दोन कुठनं?"

हे त्यांनी मला परतल्यावर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना हसले नाहीत. केंद्राची चार वर्षांची प्रश्नावली, तिच्यावर झालेल्या दोन कार्यशाळा, दिल्लीहून आलेले तज्ज्ञ. आणि बाई मोळी बांधता बांधता सांगून गेली की रकानाच चुकलाय. त्यांनी ते 'इतर'मध्ये लिहिलं, समासात, बाण काढून.

अहवाल यथावकाश निघाला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसरं मूल. निष्कर्षांच्या सादरीकरणाला जिल्ह्यातले अधिकारी आले होते. पडद्यावर गोल तक्ता, रंगीत फोडी, आणि सगळ्यात मोठी फोड करड्या रंगाची: इतर. एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "या इतरमध्ये नेमकं काय आहे?"

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे. मी मागच्या रांगेकडे. मागची रांग रिकामी होती, कारण अण्णा बाहेर जेवणाच्या ताटांची मोजणी करत होते. एकशेवीस सांगितली होती, लेखापालांनी शंभरच मंजूर केली होती.

"त्यावर स्वतंत्र अभ्यासाची गरज आहे," सर म्हणाले. टाळ्या झाल्या.

परवा अण्णांचा फोन आला होता. नवी ऑर्डर मिळाली, अकरा महिने. आता कागद बंद, सगळ्यांना टॅब दिलेत. बोट लावलं की कोड पडतो, चुकलं की लाल होतं. तक्रार नाही म्हणाले, पाठीवरचं ओझं कमी झालं. फक्त 'इतर'ला पन्नास अक्षरांची मर्यादा आहे. त्यात ते बसत नाही.

म्हणून त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतलीय. बिल केंद्राला लावलेलं नाही.