उन्हात घड्याळ हलवा

मे महिना आला की साहेबमंडळींना एकच काळजी पोखरते: माणसं ढेपाळली, काम मागे पडलं. मग उत्साह वाढवणारं व्याख्यान ठेवतात, भिंतीवर सुविचार लावतात. काम कोणत्या वेळी चाललंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

घाम वाळला तरच अंग थंड होतं. आतली उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं, हृदयावर ताण येतो, हातापायांतलं बळ ओसरतं. चंद्रपूर-नागपूरला पारा पंचेचाळिशी गाठतो. मुंबईत तो खाली असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही. दोन्हीकडे माणूस मंदावतो, कारण शरीर स्वतःला वाचवत असतं. त्याला कामचुकार म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९च्या अहवालात याचा हिशेब आहे. ३३-३४ अंशांवर मध्यम कष्टाचं काम करणाऱ्याची निम्मी क्षमता जाते. २०३०मध्ये भारताचे ५.८ टक्के कामाचे तास उष्णतेपायी वाया जातील, म्हणजे ३.४ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम, असा त्यांचा अंदाज आहे. कोणत्या सुविचाराने हे भरून निघणार?

शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तो पहाटे औत जुंपतो, ऊन तापायच्या आत सोडतो, दुपारी बांधावरच्या झाडाखाली टेकतो आणि उन्हं कलली की पुन्हा उभा राहतो. रान नांगरून होतं, बैलही धडधाकट राहतात.

सरकारलाही हे कळतं. म्हणून विदर्भातल्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. पोरांना जे ऊन सोसत नाही, त्याच उन्हात त्यांच्या बापाने दुपारी दोनला स्लॅब का भरायचा? डांबर का पसरायचं? पार्सल पोचवणाऱ्या पोराने काही मिनिटांत पोचवायचा वायदा का पाळायचा?

२५०हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय करा, असं १९४८च्या कारखाने कायद्याने बजावलं होतं. इतकी वर्षं उलटली, तरी कितीतरी बांधकामांवर मजूर उन्हात तापलेल्या ड्रममधलंच पाणी पितो. ही लाज ठेकेदाराची आहे, तशीच तिथे घर घेणाऱ्या आपलीही आहे.

कचेरीतल्यांनीही वेळ ओळखावी. डोकं लागणारं काम अकराच्या आत उरकावं, दुपारी नोंदी-फायली घ्याव्यात. जेवणानंतरची लांबलचक बैठक रद्दच करावी. जड डब्याऐवजी भाकरी, ताक, कांदा पुरे.

मुकादमांनो, ठेकेदारांनो, साहेबांनो, वरून आदेश यायची वाट पाहू नका. उद्यापासून सहाला काम लावा, अकराला थांबवा, चारनंतर पुन्हा सुरू करा आणि दुपारच्या विसाव्याचे पैसे कापू नका. सावलीत माठ भरून ठेवा. नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा हलकं काम द्या, कारण अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. राहिलेला स्लॅब पुढच्या आठवड्यात भरता येतो. उष्माघाताने गेलेला माणूस परत येत नाही.